बी बाजूचा भार

डब्याचं झाकण ताटाळ्यातून निसटलं आणि फरशीवर गरगरत, लहान लहान होत, एकदाचं थांबलं. तोवर ती ओट्यापाशी जागच्या जागीच उभी. पहाट नुकती कुठे फुटत होती, घर गाढ होतं, आणि तिच्या वाट्याला आलेला थोडासा एकांत या झाकणाने घालवू नये एवढंच तिला वाटत होतं. आतल्या खोलीत मुंगीने कूस बदलली, काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा झोपी गेली. तिचा जीव भांड्यात पडला.

मुंगी म्हणजे तिची लेक. साखरेचा डबा कुठेही लपवा, ही बरोबर शोधून काढायची, म्हणून आजीने ठेवलेलं नाव.

ओट्यावर, धुतलेल्या भांड्यांच्या बाजूला, तिने एक कागद पसरला होता. त्यावर दोन चौकोन काढलेले, डावीकडे ए, उजवीकडे बी. दोन्हींतून खाली सर्व्हरकडे एकेक रेघ, वर डिस्कच्या कपाटाकडे एकेक रेघ. ए आणि बी यांच्या मध्ये मात्र रेघ नाही. ती मुद्दामच नाही. एक बाजू मेली तर दुसरीने तिचं सगळं ओझं उचलायचं, आणि एकीचं दुखणं दुसरीला लागू नये म्हणून दोघींनी एकमेकींना शिवायचंही नाही. आज ट्रेनिंगचा शेवटचा दिवस होता, परीक्षेचा, आणि ती डोळे मिटून त्या रेघांवरून बोट फिरवत होती.

ती एका मोठ्या डेटा सेंटरमध्ये कामाला होती. थंडगार हॉल, कपाटांच्या रांगा, कपाटांत सर्व्हर, आणि प्रत्येक कपाटाच्या डोक्यावर एक चपटी पेटी, वायरींनी खच्चून भरलेली. तो स्विच. कुठली माहिती कुठल्या वाटेने जायची हे तो ठरवतो, आणि त्याला ते माणसाने शिकवावं लागतं. लग्नाआधीपासून ती हेच करत आली होती आणि चांगलं करत आली होती. मग मुंगी झाली. बाळंतपणाची रजा संपवून ती परत आली तर तिची खुर्ची तक्रार डेस्कवर गेलेली. इंटरनेट हळू चालतंय, पासवर्ड विसरलो, प्रिंटर कागदाकडे ढुंकूनही बघत नाही, असले फोन घ्यायचे. "तात्पुरतं आहे हो," साहेब म्हणाले होते. ते तात्पुरतं मुंगीबरोबरच वाढलं. मुंगी रांगायला लागली, चालायला लागली, बालवर्गात जायला लागली, आणि ते तात्पुरतं आपलं तिथेच.

आता सेंटरमधलं सगळं जुनं जाळं काढून नवं बसवायचं ठरलं होतं. आतापर्यंत प्रत्येक सर्व्हरला दोन वेगळ्या वायरी असत. एक नेहमीच्या बोलण्याचालण्याची, एक नुसती डिस्कची. आता दोन्ही कामं एकाच वायरीतून. हे ज्यांना जमेल त्यांची एक टीम होणार होती, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "ट्रेनिंगमध्ये जो उठून दिसेल, तो टीममध्ये." त्या एका वाक्याला धरून ती आठवडाभर पहाटे उठत होती. ही संधी गेली तर तक्रार डेस्कवरच केस पिकणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

सासूबाईंनी मुंगीला सांभाळण्यासाठी गुडघ्याचे उपचार पुढे ढकलले होते. उपकार केल्यासारखं नाही, पण न बोलताही नाही.

"काय शिकवतात म्हणालीस?" पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं.

"दोन वायरींचं ओझं एकाच वायरीवर घ्यायचं. आणि काही सांडायचं नाही."

"एवढंच? त्याला आठवडा कशाला? म्हणावं, कुणाचीही सून आणून उभी करा, शिकवायला पण नको."

नवरा चहा पिता पिता हसला आणि ठसका लागला. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचा, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. "आई, तू साहेबांनाच सांग ना," तो म्हणाला. "सांगेन की," सासूबाई म्हणाल्या, "गुडघे धड असते तर जिना चढून सांगितलं असतं."

ट्रेनिंग होतं तळघरातल्या खोलीत. एका भिंतीला कपाटं, त्यात सरावाचे स्विच, त्यांच्या पंख्यांचा असा घोंगाट की शेजारच्याशी बोलायचं तरी आवाज चढवावा लागे. शिकवायला बाहेरून आलेला माणूस बारीक, टकला, कायम मफलर गुंडाळलेला. त्याला सगळे पहिल्याच तासाला मास्तर म्हणायला लागले आणि त्यालाही ते आवडलं. दोघादोघांच्या जोड्या पाडल्या. एकाने ए बाजूचा स्विच उभा करायचा, दुसऱ्याने बी बाजूचा. तिच्या जोडीला आला तो शिष्य.

शिष्य हे त्याचं ऑफिसातलं नाव. तो नवा होता तेव्हा त्याला स्विचचा स सुद्धा येत नव्हता. तिनेच त्याला शेजारी बसवून, वायरी कशा खोचायच्या इथपासून सगळं शिकवलं. मग ती रजेवर गेली आणि तिची खुर्ची त्याच्याकडे आली. याबद्दल तिच्या मनात अढी नव्हती. मुलगा हुशार होता, गोड बोलायचा, तिला ताई म्हणायचा.

"ताई, ए बाजू मी घेतो हां," तो म्हणाला. "तुम्ही शांत डोक्याच्या, तुम्हाला बी."

"म्हणजे तू तापट डोक्याचा?"

"मी मोठ्या पडद्याच्या जवळचा," तो म्हणाला. खरंच, ए बाजूचं टेबल पुढे होतं आणि बी मागे, खांबाच्या आड.

मास्तरांनी पहिला प्रश्न टाकला तो असा. साधी माहिती वाटेत सांडली तर पुन्हा मागवता येते, कुणाचं काही बिघडत नाही. डिस्कची माहिती सांडून चालत नाही. एक घास जरी खाली पडला तरी सर्व्हर घाबरतो, डिस्क गेली समजतो. मग एकाच वायरीत दोन्ही कोंबल्यावर स्विचने करायचं काय? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तिच्या तोंडून निघून गेलं, "मुलाला भरवताना तोंड भरलं की ते हात आडवा धरतं. आपण घास हातात घेऊन थांबतो. ताट बाजूला ठेवून देत नाही आणि घास तोंडात कोंबतही नाही."

खोलीत हशा पिकला. मास्तर मात्र हसले नाहीत. "बरोबर," ते म्हणाले. "स्विचने हात आडवा धरायचा. पण फक्त डिस्कच्या घासाला. बाकीच्या माहितीला थांबवलंत तर सगळं घरच उपाशी राहील." आणि मग आठवडाभर ते तेच उदाहरण देत राहिले. दुसऱ्या दिवशी शिष्याने ते साहेबांना सांगितलं तेव्हा 'आमच्या बॅचमधलं' म्हणून सांगितलं, हे तिच्या कानावर आलं. तिने ते मनावर घेतलं नाही. बॅचमधलंच तर होतं.

परीक्षेच्या दिवशी दुपारपर्यंत सगळं सुरळीत पार पडलं. ए उभी राहिली, बी उभी राहिली, सर्व्हरला दोन्ही वाटांनी डिस्क दिसायला लागली. मग मास्तरांनी डिस्कवर एक भलंमोठं लिखाण चालू करून दिलं. प्रत्येक जोडीची एक हिरवी रेघ मोठ्या पडद्यावर सरकायला लागली, आणि कुठली बाजू चालू, कुठली बंद हेही शेजारी दिसत होतं. रेघ तुटली की जोडी नापास, इतकं सोपं. आता ही रेघ न तोडता दोन्ही बाजूंना आणखी एक जुनं डिस्कचं कपाट जोडून दाखवायचं होतं.

त्यात एक मेख होती. जुन्या कपाटासाठी स्विचवरच्या, वायरी खोचायच्या दोन खोबणींची जातच बदलावी लागते, आणि ती बदलायची तर अख्खा स्विच बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. म्हणजे आधी केलेलं सगळं सेव्ह करायचं. मग ए बंद-चालू करायची, ती परत नीट उभी राहिली हे डोळ्यांनी बघायचं, आणि तेव्हाच बीला हात लावायचा. रोजच्या कामात स्विच कुणी बंद करत नाही, वर्षानुवर्षं तो चालूच असतो. त्यामुळे रोजचं काम करणाऱ्यांच्या हाताला सेव्हची सवयच नसते. शिकवलेलं सगळं स्विच नुसतं डोक्यात धरून ठेवतो, आणि डोकं बंद केलं की पाटी कोरी.

शिष्याने ए बंद-चालू केली. स्विचने विचारलंही असणार, सेव्ह केलं नाहीस, तरी करू? त्याच्या बोटाने न वाचताच हो म्हणून टाकलं.

तिच्या बीचं सेव्ह झालं होतं. एक बटण दाबलं असतं की बी बंद झाली असती. तिने ते दाबलं नाही. आधी ए बाजूकडे बघून घेऊ, म्हणून खांबाच्या आडून वाकून शिष्याच्या पडद्यावर नजर टाकली. पडदा कोरा होता. सकाळपासून बांधलेली वाट, खोबणी, नावं, काही म्हणता काही नाही. शिष्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई," तो म्हणाला. घोंगाटात नुसते ओठ दिसले.

तिने वर पाहिलं. हिरवी रेघ सरकत होती. सगळं ओझं तिच्या बीवर आलं होतं आणि बी ते मुकाट वाहत होती.

"लिही," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "मी सांगते, तू लिही. घाई करू नकोस, बी धरून आहे."

तिने सांगायला सुरुवात केली. आधी डिस्कच्या माहितीची वेगळी वाट. मग त्या वाटेवर काही सांडायचं नाही हा नियम. मग कुठली खोबण कुणाची, कुठल्या सर्व्हरने कुठली डिस्क बघायची. डिस्कचे ते लांबलचक आकडी पत्तेही तिने कागद न बघता सांगितले, कारण पहाटे ओट्यापाशी उभी राहून तिने तेच तर घोकले होते. मध्ये एकदा शिष्याने आकडा चुकवला. तिने हळूच त्याची बोटं बाजूला केली आणि स्वतः दुरुस्त केला. "आता आधी सेव्ह," ती म्हणाली. त्याने सेव्ह केलं, दोनदा केलं. ए उभी राहिली. मग तिने आपल्या टेबलाशी जाऊन बी बंद-चालू केली. रेघ हललीसुद्धा नाही.

एव्हाना दाराशी साहेब येऊन उभे होते, हे दोघांनाही कळलं नव्हतं. ते पडद्याकडेच बघत होते. बाकीच्या जोड्यांच्या रेघा कुठे ना कुठे तुटलेल्या. दोन जोड्या तेवढ्या कशाबशा निभावल्या होत्या, त्याही ए क्षणभर बंद ठेवून लगेच चालू करून.

"ही कुणाची?" साहेबांनी विचारलं. "यांची एक बाजू पाव तास बंद होती आणि रेघेला धक्का नाही. काय प्रकार आहे हा?"

शिष्य उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर रंग परत यायला लागला होता.

"साहेब, जुनं जाळं काढून नवं बसवताना, खऱ्या शिफ्टिंगमध्ये, कधी ना कधी असं होणारच," तो म्हणाला. "म्हटलं, एक बाजू पूर्ण कोरी करून, पुन्हा पहिल्यापासून बांधून बघू. दुसरी तग धरते का ते तर कळेल."

"मुद्दाम पाडलीस?"

"हो म्हणजे... थोडी हिंमत केली."

खोलीत कुणीतरी शीळ घातली. ती खांबाच्या बाजूला उभी होती. आता पुढचं वाक्य तो बोलेल, असं तिला वाटलं. ताईंनी सांगितलं म्हणून बांधता आली, एवढं जरी म्हणाला तरी पुरे. ती त्या वाक्यासाठी थांबली. साहेबांनी त्याची पाठ थोपटली, दुसऱ्या कुणीतरी काहीतरी विनोद केला, सगळे हसले, आणि ते वाक्य आलं नाही. मग ते आता आपण कसं म्हणायचं, कुठून सुरुवात करायची, हे तिला कळेना, आणि न कळण्यातच वेळ निघून गेली. ती वायरी गुंडाळत बसली.

संध्याकाळी नावं जाहीर झाली. शिष्य आणि निभावलेल्या जोड्यांतले दोघे. ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"या, बसा," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता. तिच्यासाठी स्वतः उठून पंखा लावला. "तुमचं काम मी पाहिलं. अगदी स्वच्छ. बी बाजू एकदम चोख."

"मग मी का नाही?"

"कसं आहे," ते म्हणाले, "शिफ्टिंगला जरा धाडसी माणूस लागतो. तुम्ही पडलात जपून पावलं टाकणाऱ्या. ती वाईट गोष्ट नाही. डेस्कला अशीच माणसं हवी असतात. शिवाय त्या टीमच्या वेळा कशाही असणार. तुमची मुलगी लहान आहे, मी तुमचाच विचार केला."

"मला कुणी विचारलं नाही."

"विचारायचं काय त्यात? मला समजतं की. मलाही मुलं आहेत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तो तुमच्याबद्दल चांगलंच बोलला हां. म्हणाला, ताईंची खूप मदत झाली."

मदत. तिच्या जिभेवर सगळं आलं होतं. कोरा पडदा, पांढरा चेहरा, लिही मी सांगते. पण आता बोलावं तर नाव न लागल्यावर कुरकुर करणारी बाई, आणि ज्याला आपण स्वतः घडवलं त्या पोराचे पाय ओढणारी. साहेबांच्या चेहऱ्यावर ती समजूत आधीच तयार बसली होती, तिने फक्त तोंड उघडायचा अवकाश. ती उठली. "येते," म्हणाली.

तळघरात मास्तर मफलर सोडून सामान भरत होते. सरावाचे स्विच त्यांनी पुढच्या बॅचसाठी कोरे करून टाकले होते.

"मास्तर, तुम्हाला तर प्रत्येकाचा पडदा दिसतो ना?"

"दिसतो," ते म्हणाले. बॅगेची चेन लागेना, तिच्याशी झटत राहिले. "मी पाहिलं बाई. सगळं पाहिलं."

"मग?"

"मला कुणी विचारलं का? मी शिकवायला येतो. माणसं निवडणारे वेगळे." चेन लागली. "तुम्ही फार चांगलं बांधता," जाता जाता ते म्हणाले, आणि त्या कौतुकाने तिला तोंडात मारल्यासारखं झालं.

शिष्य लिफ्टपाशी भेटला. बाजूने निघून जाता आलं असतं, पण तो थांबला.

"ताई, रागावलात?"

"तुला काय वाटतं?"

"माझ्या तोंडून निघून गेलं हो. साहेब एकदम समोर आले. काय बोलतोय ते मलाच कळत नव्हतं." तो खरंच कावराबावरा झालेला. "पण तुम्हीही तिथेच होता. बोलला असतात तर मी नाही म्हणालो असतो का? मी वाट बघत होतो तुमची."

"माझी?"

"हो ना. तुम्ही गप्प राहिलात. मला वाटलं, ताई सांभाळून घेताहेत. नेहमीसारखं."

तिला हसू आलं, कडू औषध गिळताना तोंड वाकडं होतं तसलं. लिफ्ट आली. "जा," ती म्हणाली. "वर हॉलमध्ये थंडी असते, जाड काहीतरी घालत जा." बोलून झाल्यावर तिला स्वतःचाच इतका राग आला की ती लिफ्ट सोडून जिन्याने गेली.

घरी सासूबाई पाय पाटावर ठेवून बसल्या होत्या, गुडघा सुजून टम्म. त्यांनी सुनेचा चेहरा पाहिला आणि काही विचारलं नाही. "हात धू," एवढंच म्हणाल्या. "जेवण गरम आहे."

"तुमच्या गुडघ्याची तारीख घेऊ या उद्याच," ती म्हणाली. "उगीच पुढे ढकलली."

"उगीच कशाला? तू शिकलीस ना?"

"शिकले."

"मग झालं तर," म्हणत सासूबाई उठल्या, आणि पाठ फिरवून फार वेळ आमटी ढवळत राहिल्या.

नवरा यायचा होता. ती मुंगीला भरवायला बसली. मुंगीला रोज गोष्ट लागायची, त्याशिवाय घास खाली उतरायचा नाही. आज डोक्यात दुसरं काही नव्हतं, म्हणून तिने तेच सांगितलं. दोन पूल होते. दोन्हींवरून माणसं डोक्यावर धान्याची पोती घेऊन जायची. एक दाणा खाली सांडायचा नाही असा राजाचा हुकूम. एक पूल एका मुलाने बांधलेला, एक एका बाईने.

"बाई म्हणजे तू?"

"बाई म्हणजे बाई. खा."

मग एक दिवस मुलाच्या हातून पूल पडला. सगळी पोती बाईच्या पुलावर आली. पूल वाकला, पण मोडला नाही. बाईने एका बाजूने तो सांभाळला आणि दुसरीकडे मुलाला सांगून सांगून त्याचा पूल पुन्हा बांधून घेतला. एक दाणा सांडला नाही. मग राजा आला. मुलगा म्हणाला, मी माझा पूल मुद्दाम पाडला होता, गंमत बघायला. राजाने त्याला मोठ्या नदीवर पूल बांधायला पाठवलं.

मुंगीचे गाल भरलेले होते. तिने हात आडवा धरला, सावकाश चावलं, गिळलं.

"आणि बाई?"

"बाई आपली घरी आली."

"राजाला नाही सांगितलं तिने?"

"नाही."

"तिला बोलता येत नव्हतं?"

"येत होतं की."

स्वयंपाकघरातला ढवळण्याचा आवाज थांबला होता. आजी तिकडून ऐकत होती, हे दोघींनाही कळत होतं. तिने पुढचा घास हातात घेतला आणि तो तसाच हातात राहिला, कारण मुंगी गोष्टीतून उठून सरळ तिच्या डोळ्यांत बघत होती, वर्गात काय करायचं असतं ते आईला विचारताना बघायची तशी.

"आई, मग शाळेत माझ्याबरोबर असं झालं, तर मी पण गप्प बसायचं का?"